इंजिन जोडण्याआधी फिरण्याची दिशा बघा
शेव्हरोले कॉर्व्हेअरचं (1960–69) सहा सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन बहुतेक गाड्यांच्या उलट दिशेने फिरतं. ते तसंच फोक्सवॅगन बीटलच्या ट्रान्सअ‍ॅक्सलला (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र असलेला भाग) जोडलंत, तर रिव्हर्सचे गिअर चार आणि पुढे जायला एकच! ऐकायला गंमत, चालवायला नाही.

उपाय जुनाच आहे: ट्रान्सअ‍ॅक्सल खोलून क्राउन व्हील (चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चक्र) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) दुसऱ्या बाजूला बसवायचं. मग बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) आणि दातांमधला बॅकलॅश (मोकळी फट) शिम (पातळ चकत्या) घालून नव्याने मोजूनच लावा. इथे अंदाजपंचे कारभार केला की दात लवकर झिजतात. इंजिन चढवण्याआधी गाडी जॅकवर घ्या, पहिला गिअर टाका आणि इनपुट शाफ्ट (इंजिनाला जोडला जाणारा दांडा) इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवा. चाक पुढे फिरलं, तरच बोल्ट आवळा.