सोलापूरच्या उन्हाळ्यात काढून ठेवलेलं आईचं दूध

विडी वळायला किंवा टॉवेलच्या कारखान्यात परत जाताना बाळासाठी दूध हाताने काढून ठेवता येतं. पंपाची गरज नाही.

झाकणाची स्टीलची वाटी दहा मिनिटं उकळून घ्या. हात साबणाने धुवा. तंबाखू हाताळत असाल तर नखांखालीही घासा आणि कपडे बदला. अंगठा वर, बोटं खाली, बोंडशीपासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाबून सोडा. बोटं कातडीवरून घसरली की आग होते आणि दूधही नीट येत नाही. बोंडशी पिळू नका, दूध तिच्यामागच्या नळ्यांत असतं. पहिली एक-दोन मिनिटं थेंबच येतात, तिथेच बऱ्याच जणी हात टेकतात. दोन्ही बाजू आलटून पालटून वीस-तीस मिनिटं काढा.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात, पण हा हिशोब पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. पारा चाळिशीपार गेल्यावर दूध लगेच फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. वीज जात असेल तर त्याच दिवशी संपवा. साय वर येणं म्हणजे नासणं नव्हे. हलवलं की मिसळते. गॅसवर तापवू नका, कोमट पाण्यात वाटी ठेवा. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. उष्टं उरलेलं टाका.

आणि हो, सासूबाई कितीही म्हणोत, सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको. दिवसाला सहा-सात वेळा फिकट लघवी होत असेल तर दूध पुरतंय.