रस्त्यावरचे सहज छायाचित्र: आधी जागा, मग माणूस

रस्त्यावर छायाचित्रे काढू लागलेला नवखा माणूस बहुधा चेहऱ्यांच्या मागे धावतो. सुरकुतलेले आजोबा किंवा हसरे मूल दिसले की कॅमेरा डोळ्याला लागतो आणि हाती येते ते एखाद्या अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र, ज्यात रस्ता कुठेच नसतो. पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो तो चौकटीतल्या दोन गोष्टींमध्ये क्षणभर जुळून आलेला संबंध. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे टिपलेल्या छायाचित्रात एक माणूस साचलेल्या पाण्यावरून उडी घेतो आहे आणि मागच्या भित्तिपत्रकातली नर्तिकाही तशीच झेपावलेली आहे. (छायाचित्र कातरू नये, म्हणजे त्याच्या कडा नंतर छाटू नयेत, असा आग्रह धरणाऱ्या या कलावंताने नेमके हेच कातरले होते.)

असा योग हवा असेल, तर आधी पार्श्वभूमी निवडावी आणि मग तिथे थांबावे. मुंबईत सरावासाठी दादर पश्चिमेला केशवसुत उड्डाणपुलाच्या परिसरातला फुलबाजार उत्तम. सकाळी लवकर जावे आणि पुलाची सावली संपून ऊन सुरू होते ती सीमारेषा शोधावी. मागे काळोखा खांब आणि पुढे उन्हाचा पट्टा अशी जागा मिळाली की त्या पट्ट्यात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आपोआप उठून दिसतो. डोक्यावर हारा घेतलेला हमाल, गजरे ओवणारी बाई आणि दोघांच्या मधून लोकल गाठायला निघालेला नोकरदार, हे तिघे एकमेकांना न झाकता सुटे दिसतील तो क्षण टिपायचा आहे. म्हणून चौकट आधीच आखून ठेवावी आणि नजर तिच्या कडांवर ठेवावी, कारण माणसे कडेनेच आत येतात.

कॅमेऱ्याची तयारी थोडक्यात सांगता येते. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/८ आणि हाताने ३ मीटरवर ठेवलेला फोकस असेल, तर सुमारे २ ते ७ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते आणि ऐन वेळी फोकस शोधावा लागत नाही. शटर उघडे राहण्याचा वेळ १/५०० सेकंद असावा. पुलाखालच्या सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) बराच चढवावा लागतो, तेव्हा छायाचित्रात दिसणारे दाणे खुशाल चालवून घ्यावेत. झेंडूकडे मात्र लक्ष हवे. त्याचा भडक केशरी रंग लाल चॅनेलमध्ये (कॅमेरा लाल, हिरवा व निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदतो, त्यातल्या लाल नोंदीत) लवकर भरून जातो आणि पाकळ्यांच्या जागी सपाट डाग उरतो, म्हणून उन्हात एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) दोन-तृतीयांश स्टॉपने कमी करावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). हाऱ्याखाली हमालाचा चेहरा मग अंधारतो; तो ओळखू येण्याइतका उजळण्यासाठी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ नोंद) उपयोगी पडते.

लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरून चोरून टिपणे मला पटत नाही. त्यात गर्दीची जवळीक हरवते. खांबाला टेकून, हमालाची वाट न अडवता एकाच जागी उभे राहिले की थोड्या वेळाने कोणी लक्ष देत नाही. कोणी हरकत घेतलीच, तर वाद न घालता छायाचित्र त्याच्यासमोर पुसावे. फुटपाथवर झोपलेल्यांवर कॅमेरा रोखूच नये.

निवड काही दिवसांनी करावी. एकामागून एक टिपलेल्या चौकटी शेजारी ठेवून, कोणत्या चौकटीत एखादी व्यक्ती बोटाने झाकली तर छायाचित्र कोसळते हे तपासावे; जिथे काहीच बिघडत नाही, ती चौकट बाद करावी.