थाई अक्षर संगणकावर कसे साठवले जाते आणि कसे टंकित करावे

थाई वर्णमालेतील पहिले व्यंजन ‘को काइ’ युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ३५८५ या क्रमांकाने ओळखले जाते. षोडशमान, म्हणजे सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीत तोच क्रमांक शून्य-ई-शून्य-एक (0E01) असा लिहितात. युनिकोडने थाई लिपीसाठी १२८ जागांचा विभाग राखून ठेवला असून त्यातील अक्षरांचा क्रम टीआयएस-६२० या थायलंडच्या राष्ट्रीय मानकावरून घेतलेला आहे. त्या मानकात को काइचा क्रमांक १६१ आहे. कोणत्याही थाई अक्षराच्या या जुन्या क्रमांकात ३४२४ मिळवले की त्याचा युनिकोड क्रमांक मिळतो, त्यामुळे जुन्या फायलींचे रूपांतर करणे तुलनेने सोपे जाते.

टंकनासाठी संगणकाच्या भाषाविषयक सेटिंगमध्ये थाई भाषा जोडावी आणि ‘केतमनी’ हा कळफलक निवडावा. ‘पत्ताचोट’ नावाचा दुसरा आराखडाही उपलब्ध असतो, परंतु प्रचलित आराखडा केतमनीच आहे. त्यात को काइ हे अक्षर इंग्रजी ‘डी’च्या कळीवर येते. एखादेच अक्षर हवे असेल तर कळफलक जोडण्याचीही गरज नाही: विंडोजवरील वर्डमध्ये षोडशमान क्रमांक रोमन लिपीत लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळी एकत्र दाबाव्यात.

देवनागरीत लिहिणाऱ्याची खरी अडचण मात्र स्वरचिन्हांपाशी सुरू होते. आपली पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसत असली तरी ती साठवली जाते व्यंजनानंतर, आणि तिला डावीकडे नेऊन बसवण्याचे काम फॉन्ट व मजकूर दाखवणारी प्रणाली करतात. थाईमध्ये असे होत नाही. व्यंजनाच्या डावीकडे दिसणारे स्वरचिन्ह तेथे व्यंजनाच्या आधीच टंकित करावे लागते आणि त्याच क्रमाने साठवले जाते, कारण टीआयएस-६२० मधील ही दृश्य क्रमाची पद्धत युनिकोडनेही कायम ठेवली आहे. ‘जुना’ या अर्थाचा थाई शब्द लिहिण्यासाठी केतमनीवर जी, डी, जे, के या कळी याच क्रमाने दाबाव्या लागतात. त्यांतून अनुक्रमे डावीकडील स्वरचिन्ह, को काइ, ‘माय एक’ हे स्वराघातचिन्ह (उच्चारातील आवाजाचा चढउतार दाखवणारे चिन्ह) आणि उजवीकडील स्वरचिन्ह उमटते. साठवलेले क्रमांकही त्याच क्रमाने ३६४८, ३५८५, ३६५६ आणि ३६३४ असे असतात. या सोयीची किंमत वर्णक्रम लावताना मोजावी लागते, कारण शब्दकोशात हा शब्द को काइखाली शोधला जातो आणि म्हणून क्रम लावणाऱ्या प्रणालीला पहिली दोन चिन्हे मनातल्या मनात उलटी करून घ्यावी लागतात.

व्यंजनाच्या वर किंवा खाली स्वरचिन्ह येत असेल, तर आधी व्यंजन, मग ते स्वरचिन्ह आणि शेवटी स्वराघातचिन्ह असा क्रम ठेवावा. उलट क्रम काही प्रणाली स्वीकारतच नाहीत. ज्या स्वीकारतात तेथे शब्द कदाचित बरोबर दिसेल, पण शोधताना सापडणार नाही. दिसण्यावर विसंबल्याने होणारी आणखी एक चूक फार चिवट आहे. ‘सारा ए’ हे वर आलेले डावीकडील स्वरचिन्ह दोनदा टंकित केले की ते ‘सारा ॲ’ या स्वतंत्र चिन्हासारखेच दिसते, परंतु संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या नोंदी असतात. म्हणून ‘सारा ॲ’ नेहमी त्याच्या स्वतःच्या, म्हणजे ‘सी’च्या कळीनेच लिहावे.

फाईल साठवताना यूटीएफ-८ ही युनिकोड क्रमांक बाइटांच्या रूपात साठवण्याची पद्धत निवडावी. त्यात को काइला २२४, १८४ आणि १२९ असे तीन बाइट लागतात, तर टीआयएस-६२० मध्ये एकच पुरतो. यूटीएफ-८ मधील फाईल चुकून टीआयएस-६२० समजून उघडली, तर २२४ चे ‘सारा ए’ होते आणि १८४ चे ‘थो थोंग’ हे व्यंजन. त्यामुळे पानभर हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर मजकूर बिघडलेला नाही असे समजावे, काहीही न बदलता आणि न साठवता फाईल बंद करावी आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी.