टेबल की सीएसएस? वेब पेजचं लेआउट करताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की आमच्याकडे इंदूरला मराठी मंडळांची धावपळ सुरू होते आणि त्यातच कुणालातरी आठवतं की वेबसाइटवर अजून मागच्या वर्षीचाच कार्यक्रम लटकलेला आहे. असंच एक पेज माझ्याकडे आलं, सोबत निरोप, "मोबाइलवर सगळं मुंगीएवढं दिसतंय, जरा बघ ना." उघडून बघितलं तर अख्खं पेज एका टेबलात, त्यात दुसरं टेबल, त्यात तिसरं, बाहेरच्याची रुंदी 960 पिक्सेल फिक्स, आणि पेज फोनच्या रुंदीत दाखव असं ब्राउझरला सांगणारा मेटा व्ह्यूपोर्टचा टॅगच नाही. म्हणजे फोन बिचारा पूर्ण रुंद पेज आक्रसून दाखवत होता.

पहिली चूक हीच, पेजचा सांगाडा टेबलात बांधणं. ज्यांनी पूर्वी असं केलं त्यांना मी दोष देत नाही, सीएसएसचं, म्हणजे पेज कसं दिसावं हे लिहायच्या भाषेचं, पहिलं स्पेसिफिकेशन डिसेंबर 1996 ला आलं आणि ब्राउझर ते धड पाळायला लागेपर्यंत बरीच वर्षं गेली, तोवर दोन कॉलम शेजारी ठेवायला टेबल आणि जागा सोडायला एक पिक्सेलचं पारदर्शक गिफ चित्र, हेच लोकांच्या हातात होतं. पण पेजचा मजकूर ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या 1999 च्या 4.01 आवृत्तीतच लिहिलंय की नुसत्या मांडणीसाठी टेबल वापरू नका. आणि मार्च 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांनीही सीएसएस ग्रिड, म्हणजे रांगा-कॉलमात डबे मांडायची सोय, दिलं, त्यानंतर नवीन पेजसाठी टेबलाचा सांगाडा करायला काही कारणच उरलं नाही.

खरं नुकसान कुठे होतं ते सांगतो. त्या पेजवर कलाकारांची ओळख होती, पहिल्या रांगेत तीन फोटो, खाली तीन नावं, त्याखाली तिघांची माहिती. डोळ्यांना एकदम छान! पण टेबल वाचलं जातं रांगेरांगेने. आमच्या नात्यातल्या एका काकांना दिसत नाही, ते कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर, म्हणजे पेज वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकतात, तर त्यांना आधी तीन फोटो, मग तीन नावं, मग तीन माहित्या लागोपाठ ऐकू आल्या, कोण गाणार आणि कोण तबल्यावर बसणार काही कळेना. मोबाइलवर तेच टेबल सीएसएसने मोडून एकाखाली एक केलं तरी हाच गोंधळ, कारण कोडमध्येच माणूस तीन तुकड्यांत विखुरलेला आहे. उपाय सोपा आहे, एका कलाकाराचं सगळं एका डिव्हमध्ये (म्हणजे एका साध्या डब्यात), आणि असे तीन डिव्ह ग्रिडमध्ये. मग फोनवर एक कॉलम, मोठ्या स्क्रीनवर तीन, कोडला हात लावावा लागत नाही.

आता दुसरी चूक, आणि ही मला जास्त सलते कारण ती शिकलेले लोक करतात. कुठेतरी "टेबल वाईट" वाचलं की सगळीच टेबलं काढून टाकतात. त्याच मंडळाचं कार्यक्रमपत्रक नंतर कुणीतरी डिव्हमध्ये केलं, तारीख, वेळ, कार्यक्रम, जागा, सगळे सुटे डिव्ह. काकांना नुसतं "सात, साडेआठ, भजन" ऐकू येतंय, सात तारीख की सात वाजता कसं कळणार? अरे, वेळापत्रक हे टेबलच असतं! नाश्त्याच्या दुकानाची रेटलिस्ट, त्यात पोहे, जिलबी, कचोरी आणि समोर हाफ प्लेट, फुल प्लेट, हेसुद्धा टेबलच. मी एकच गोष्ट तपासतो, रांगेचं आणि कॉलमचं नाव सांगितल्याशिवाय त्या खान्यातल्या आकड्याला अर्थ आहे का? नसेल तर टेबल करा, वरच्या खान्यांना टीडी (साधा खाना) न देता टीएच (मथळ्याचा खाना) द्या, तो मथळा रांगेचा की कॉलमचा हे सांगणारा स्कोप लावा, टेबलाचं नाव म्हणून कॅप्शन द्या. अर्थ असेल तर तो मांडणीचा मामला आहे, सीएसएसने करा.

टेबल ठेवलं आणि मोबाइलवर बाहेर जातंय? त्याच्याभोवती एक डिव्ह घाला आणि त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, तेवढंच टेबल आडवं सरकेल. थेट टेबललाच डिस्प्ले ब्लॉक लावू नका, काही ब्राउझरमध्ये मग स्क्रीन रीडरला ते टेबल म्हणून कळतच नाही. कॉलमची रुंदी मजकुराप्रमाणे कमीजास्त होत असेल तर टेबलाला रुंदी 100 टक्के आणि टेबल-लेआउट फिक्स्ड द्या.

ग्रिड केलं तरी पेज उजवीकडे सांडतंय, ही तक्रार फार येते. बहुतेक वेळा एखादी लांबलचक लिंक किंवा मोठा फोटो असतो, कारण 1एफआर (मोकळ्या जागेतला एक वाटा) वाला कॉलम आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. तिथे मिनमॅक्स(0, 1एफआर) लिहा आणि फोटोला मॅक्स-विड्थ 100 टक्के द्या. फ्लेक्समध्ये (डबे एका ओळीत मांडायची सीएसएसची दुसरी पद्धत) हेच दुखणं असेल तर त्या आयटमला मिन-विड्थ 0. आणि ऑर्डर प्रॉपर्टीने डबे वरखाली करत बसू नका, दिसायला क्रम बदलतो पण टॅब दाबत जाणारा माणूस जुन्याच क्रमाने फिरतो.

आपल्या देवनागरीसाठी दोन गोष्टी, ज्या इंग्रजी नमुन्यावरून कॉपी केलेल्या सीएसएसमध्ये हमखास चुकतात. डब्याला उंची फिक्स करून ओव्हरफ्लो हिडन केलं, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवला, की रफार आणि वेलांट्या कापल्या जातात, म्हणून उंचीऐवजी मिन-हाइट द्या आणि लाइन-हाइट 1.6 च्या आसपास ठेवा. आणि मथळ्याला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते, "श्रीगणेश" सुटासुटा दिसतो, मला तरी ते बघवत नाही.

राहिलं निमंत्रणाचं ईमेल. तिथे मात्र टेबलानेच मांडणी करा, कारण विंडोजवरचं जुनं आउटलुक 2007 पासून वर्डच्या इंजिनने मेल दाखवतं आणि त्याला फ्लेक्स, ग्रिड कळत नाही. फक्त त्या टेबलाला रोल प्रेझेंटेशन लावा, म्हणजे काकांच्या स्क्रीन रीडरला ते नुसती मांडणी आहे हे समजतं आणि तो रांगा-कॉलम न मोजता सरळ मजकूर वाचतो.