लँडलाइनला कॉलर आयडीचा डबा जोडताना

लँडलाइनवर कोणाचा फोन आहे हे रिसीव्हर उचलण्याआधी कळावे म्हणून घरातला चांगला चालणारा फोन बदलायची गरज नसते. सॉकेट आणि फोन यांच्यामध्ये बसणारा कॉलर आयडीचा छोटा डबा ते काम करतो. हाताला बसलेला जुना फोन ज्येष्ठांना सोडवत नाही. त्यांच्यासाठी तर हाच मार्ग बरा.

मात्र हा डबा स्वतः नंबर शोधत नाही. एक्सचेंजने लाइनवरून पाठवलेला नंबर तो फक्त वाचतो आणि दाखवतो. पडदा कोरा राहिला की लोक आधी दुकानात जाऊन डबा बदलून आणतात. खरे तर अशा वेळी आधी लाइनवरची सुविधा, मग डब्याचा मोड (तो नंबर कोणत्या पद्धतीने वाचतो ते) आणि त्यानंतर घरातले वायरिंग तपासायला हवे.

खरेदीआधी दोन प्रश्न

तुमच्या टेलिफोन कंपनीला विचारा: माझ्या नंबरवर कॉलर आयडी चालू आहे का? एक्सचेंजमध्ये या सुविधेला सीएलआयपी किंवा नुसते सीएलआय म्हणतात. चालू नसेल तर अर्ज देऊन चालू करून घ्या. दुसरा प्रश्न: नंबर एफएसके पद्धतीने येतो की डीटीएमएफ? ग्राहक सेवेवरच्या माणसाला हे बहुधा सांगता येत नाही, पण लाइनमन किंवा एक्सचेंजमधले तंत्रज्ञ सांगू शकतात.

डीटीएमएफमध्ये बटणे दाबताना ऐकू येतात तेच सूर वापरून आकडे पाठवले जातात, बहुतेकदा पहिली रिंग वाजण्याआधीच. एफएसकेमध्ये नंबर मोडेमसारख्या आवाजात येतो, सहसा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत. भारतात दोन्ही पद्धती सापडतात, म्हणून खोक्यावर ‘एफएसके/डीटीएमएफ’ असे दोन्ही छापलेला डबाच घ्या. परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेला डबा पुष्कळदा फक्त एफएसके वाचतो. डीटीएमएफच्या लाइनवर तो कितीही नवा असला तरी काही दाखवणार नाही.

जोडणी

आधी सेल, मग लाइन हा क्रम पाळा. लाइनवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो, पण रिंग येताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि त्याचा झटका चांगला जाणवतो. म्हणून सेलचे झाकण उघडण्याआधी लाइनची कॉर्ड काढलेली असावी आणि हात कोरडे असावेत.

१. डब्यात पेन्सिल सेल घाला. आकार आणि संख्या झाकणाच्या आत छापलेली असते. अल्कलाइन सेल घ्या. चार्जिंगचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असल्यामुळे पडद्यावरचे आकडे फिके दिसू शकतात.

२. तारीख आणि वेळ लावा. एफएसके लाइनवर एक्सचेंज नंबरासोबत तारीख-वेळही पाठवू शकते, म्हणून पहिला कॉल आला की घड्याळ आपोआप बरोबर होते. डीटीएमएफमध्ये फक्त आकडे येतात. तिथे हाताने लावलेली वेळच नोंदीला लागते.

३. सॉकेटमधून फोनची कॉर्ड काढून ती डब्याच्या ‘फोन’ लिहिलेल्या खोबणीत लावा. डब्यासोबत आलेली छोटी कॉर्ड ‘लाइन’पासून सॉकेटपर्यंत न्या. साध्या डब्यात दोन्ही खोबणी आतून एकच असतात, त्यामुळे उलटसुलट झाले तरी चालून जाते. नको असलेले नंबर अडवण्याची सोय असलेल्या डब्यात मात्र तसे चालत नाही.

४. रिसीव्हर उचलून डायल टोन ऐका. टोन नसेल तर क्लिप ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आत गेली आहे का पाहा.

५. मोबाइलवरून फोन लावा, पूर्ण तीन रिंग होऊ द्या आणि तोवर रिसीव्हरला हात लावू नका. एफएसके लाइनवर पहिल्याच रिंगला फोन उचलला तर नंबर यायला वेळच मिळत नाही. ‘कधी दिसतो, कधी दिसत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा घाईने फोन उचलणेच असते.

काहीच दिसले नाही तर मोड बदला. काही डब्यांत तळाला सरकते बटण असते, काहींत मेनूमध्ये निवड असते. आधी ‘ऑटो’, मग डीटीएमएफ, मग एफएसके असे करून प्रत्येक वेळी नवा कॉल लावून पाहा.

ब्रॉडबँड आणि फायबर

तांब्याच्या तारांच्या जोडीवर ब्रॉडबँड असेल तर डबा स्प्लिटरच्या (फोन आणि ब्रॉडबँडचे सिग्नल वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या) ‘फोन’ बाजूलाच लावा. फिल्टरशिवाय जोडल्यास मोडेमचे सिग्नल आकड्यांत मिसळतात.

फायबरवर गोष्ट वेगळी. तिथे नंबर एक्सचेंजकडून सूर म्हणून येत नाही. भिंतीवरचे ओएनटी यंत्र (घरात येणारी फायबर जिथे संपते ते) ते सूर तयार करून आपल्या फोनच्या पोर्टवर देते. ते एफएसके द्यायचे की डीटीएमएफ हे ओएनटीच्या सेटिंगमध्ये ठरते. फायबर आल्यावर जुन्या डब्यावर नंबर दिसेनासे झाले तर जोडणी करणाऱ्याला हे सेटिंग बदलायला सांगा. वीज गेली आणि ओएनटीला बॅटरी नसेल तर फोनच बंद, मग नंबर कुठून येणार?

घरातल्या जुन्या वायरिंगमधून ओएनटीचा फोन दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटपासून (भिंतीवरच्या टेलिफोनच्या जोडणीच्या पेटीपासून) आधी सोडवून घ्या. ती जोडी जिवंत राहिली तर तिचा व्होल्टेज ओएनटीच्या पोर्टवर येतो आणि पोर्ट जळू शकतो. हे काम लाइनमनकडूनच करून घ्यावे.

अर्धवट किंवा चुकीचे आकडे

एखादा आकडा गळणे किंवा भलताच येणे म्हणजे सिग्नल बिघडून पोहोचतो आहे. पावसाळ्यात हे वाढते, कारण ओलाव्याने रोझेटमधले स्क्रू आणि खांबावरचे जोड गंजतात. रिसीव्हर उचलल्यावर खरखर ऐकू येत असेल तर कारण तेच समजा. घरातले सगळे पॅरलल फोन काढून फक्त डबा आणि एक फोन ठेवून तपासा. आकडे बरोबर आले तर एकेक फोन परत जोडत जा. ज्याच्यापाशी बिघडते तो फोन किंवा त्याची वायर दोषी. एकटा डबाही चुकत असेल तर लाइनची तक्रार नोंदवा.

सोसायटी किंवा ऑफिसच्या ईपीएबीएक्सच्या (बाहेरच्या लाइनवरचे फोन आत वाटणाऱ्या छोट्या एक्सचेंजच्या) एक्स्टेन्शनवर डबा लावला तर बाहेरचा नंबर दिसेलच असे नाही. ती सोय ईपीएबीएक्समध्येच असावी लागते. नसेल तर डबा यंत्राच्या आधी, थेट बाहेरच्या लाइनवर लावा.

डब्यातल्या आलेल्या कॉलच्या यादीतून परत फोन लावताना

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. डबा मात्र मोबाइलचे नुसते १० आकडे दाखवतो. त्यामुळे ‘डायल’ दाबले की फोन लागण्याऐवजी सूचना ऐकू येते. काही डब्यांत ० आपोआप लावण्याची सोय असते, ती शोधून चालू करा. नसेल तर हातानेच लावा.

लँडलाइनचा नंबर एसटीडी कोडसह पण ० शिवाय दिसू शकतो: पुण्याचा २० ने, मुंबईचा २२ ने, नागपूरचा ७१२ ने सुरू होईल. परगावचा असेल तर पुढे ० लावा; आपल्याच गावचा असेल तर कोड गाळून फिरवा. मेनूत स्थानिक कोड विचारला असेल तर तो एकदा भरून ठेवा, म्हणजे गावातले नंबर डबा स्वतःच कोड गाळून दाखवील.

दिसलेल्या नंबरावर किती विश्वास ठेवावा

१४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातींचे असतात. बँका आणि सरकारी खात्यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ची मालिका दिली आहे. पण पडद्यावरचा नंबर म्हणजे ओळखपत्र नव्हे. दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करता येतो आणि फसवणारे तसे करतात. पोलीस किंवा बँकेच्या नावाने कोणी ओटीपी किंवा पैसे मागितले तर फोन ठेवा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

नको असलेल्या जाहिरातींच्या कॉलची तक्रार १९०९ वर करता येते. ती ७ दिवसांच्या आत करायची असते आणि तिच्यासाठी नंबर, तारीख, वेळ लागते. यादी भरली की डबा सर्वांत जुनी नोंद पुसतो आणि सेल बदलताना सगळीच जाऊ शकते. म्हणून तक्रारीचा नंबर लगेच वहीत उतरवून घ्या, आणि डीटीएमएफची लाइन असेल तर सेल बदलल्याबरोबर घड्याळ पुन्हा लावा.