मृगाच्या आधी आखाड्यावरच्या लोखंडाकडेही बघा

बियाणं, खत आणि पीककर्जाच्या धावपळीत आखाड्यावरचं, म्हणजे शेतातल्या गोठ्याचं, कुंपणाचं आणि अवजारांचं लोखंड कुणाच्या ध्यानात राहत नाही. 7-8 जूनला मृग निघतो. पाऊस सुरू झाला की ओल्या लोखंडावर रंग धरत नाही, म्हणून गंजाचं काम मे महिन्यातच उरकून घ्या.

बहुतेक ठिकाणी गंजावरच रंगाचा हात मारला जातो. तो रंग टिकत नाही, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आतून फुगत तो वरचा रंग पापुद्र्यासारखा सोडवतो. आधी वायर ब्रश मारा, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, आणि धातूची चमक दिसेपर्यंत घासा. ग्राइंडर चालवायचा तर डोळ्यांना गॉगल हवाच.

पेरणीयंत्राची खतपेटी सगळ्यात आधी घ्या. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. ते मीठच आहे, आणि मिठानं गंज झपाट्यानं वाढतो. मागच्या हंगामातलं खत पेटीच्या कोपऱ्यात दगडासारखं बसलेलं असतं. ते खरवडा, भरपूर पाण्यानं धुवा आणि पेटी उन्हात उलटी ठेवा. नुसता रंग मारून क्षार आत कोंडला, तर तो पेटी आतून खात राहतो.

जाम नटबोल्टला पान्यात पाइप घालून लगेच झोंबू नका, डोकं तुटतं. डिझेलमध्ये थोडं ऑईल मिसळून रात्रभर मुरू द्या. सकाळी नटाच्या चारी बाजूंनी हातोडीनं हलके ठोके द्या. आधी किंचित आवळा, मग सोडवा. बिजागरीचंही तसंच. तिची सळई वर ठोकून काढा, भोकातला तांबडा भुगा चिंधीनं पुसा आणि ग्रीस भरून परत बसवा. सळईला रंग लावू नका, बिजागरी घट्ट बसते.

कडी, कोयंडा, साखळी अशा लहान वस्तू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवल्या तरी काम होतं. ठिबकवाल्यांकडे फॉस्फरिक ॲसिड असतं, ते जास्त चांगलं. त्यानं गंज सुटतो आणि रंग धरायला फॉस्फेटचा थर मिळतो. प्लास्टिकच्या बादलीत पाच-सहा भाग पाणी घेऊन त्यात एक भाग ॲसिड हळूहळू सोडा. ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. हातमोजे घाला. ठिबक धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र यासाठी वापरू नका. त्याचे क्लोराईड लोखंडावर राहिले की चार दिवसांत पुन्हा तांबडं दिसतं. जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या, तारेला आणि पत्र्याला कोणतंच ॲसिड लावू नका, जस्ताचा थरच निघून जातो. बुडवलेली वस्तू बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडी पुसा आणि उन्हात तापवा. रेड ऑक्साईड प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, त्याच दिवशी लागला पाहिजे, कारण उघडं लोखंड लगेच गंज धरतं. रंग भर दुपारी तापलेल्या लोखंडावर नको, फोड येतात. सकाळी लावा. प्रायमर वाळला की ऑईल पेंटचे दोन हात.

कुंपणाचा अँगल वरून धडधाकट दिसतो आणि जमिनीलगत तुटतो. काळ्या रानात तिथं ओल आणि हवा दोन्ही सतत मिळतात. प्रत्येक अँगलभोवती वीतभर माती उकरा आणि पेचकसाचं टोक दाबून पाहा. आरपार गेलं तर रंगाचा खर्च वाया, तिथं तुकडा वेल्डिंग करून घ्या. पक्का असेल तर घासून जमिनीच्या खालीवर डांबराचा थर द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण रानडुकरांचा त्रास असलेल्या शिवारात ऐन पिकात कुंपण आडवं होण्यापेक्षा परवडतं.

वखराची पास, नांगराचा फाळ, तिफणीचे फण यांना रंग लावून उपयोग नाही, पहिल्या तासातच माती तो खाते. घासून तेलाचा पातळ हात द्या आणि काम संपलं की माती काढून पुन्हा द्या. जळालेलं ऑईल चालतं, पण ते विहिरीजवळ सांडू नका आणि बैल चाटतील अशा दावणीच्या साखळीला, कडीला लावू नका. तिथं गोडेतेल बरं.

गोठ्याच्या दारावरचा रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. तो ओला करून घासा, भुगा कडब्यात किंवा गव्हाणीत जाऊ देऊ नका.

गंजलेला पत्रा लागला तर धनुर्वात गंजामुळे होत नाही, त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. आपल्याकडे लोखंडाला दोन्ही लागलेलं असतंच. त्यामुळे जखम लहान असली तरी साबणानं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा.