अमेरिकेत हौशी कार रेसिंग: कुठल्या क्लबात जायचं हे कसं ठरवायचं

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या बाजूच्या आपल्या मराठी पोरांकडून एक प्रश्न सारखा येतो, की गाडी ट्रॅकवर न्यायचीय तर एससीसीए जॉइन करू का नासा (हे दोन्ही कार क्लब), का चार मित्र मिळून सरळ लेमन्सला, म्हणजे स्वस्तातल्या गाड्यांच्या लांब रेसला, टीम काढू. माझं मत आधीच सांगून टाकतो. क्लबचं नाव बघून निवडू नका, घरापासून दोन-तीन तासांच्या आत जे ट्रॅक आहेत तिथं तुमच्या क्लासच्या, म्हणजे एकाच गटात पळणाऱ्या, सगळ्यात जास्त गाड्या कोण आणतं ते बघा, तोच तुमचा क्लब. बाकी फी, नियम, टी-शर्ट वगैरे सगळं नंतर.

पण त्याच्याही आधी तुम्हाला नक्की करायचंय काय ते ठरवा, कारण "रेसिंग" म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी बोलतात. एक ऑटोक्रॉस, म्हणजे मोठ्या पार्किंग लॉटमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर कोन मांडून केलेला रस्ता, एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध पळते, बहुतेक वेळ सेकंड गिअरमध्येच. कोन पाडला की दोन सेकंद वाढतात, गेट चुकलं तर तो रन बाद. अर्धा दिवस गाडी चालवायची आणि अर्धा दिवस उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलायचे, आणि खरी ड्रायव्हिंगची वेळ मोजली तर दिवसभरात पाच-सहा मिनिटं. ऐकायला कमी वाटतं पण गाडीचं वजन पुढं-मागं कसं सरकतं, ब्रेक सोडताना स्टिअरिंग कसं हलकं होतं हे तिथं जेवढं स्वस्तात कळतं तेवढं कुठंच नाही. दुसरी गोष्ट ट्रॅक डे, खरा ट्रॅक, खरा स्पीड, पण शर्यत नाही, ओव्हरटेक ठरलेल्या जागीच आणि तेही पुढच्यानं हात बाहेर काढून खूण केल्यावरच. तिसरी म्हणजे खरीखुरी रेस, वीस-चाळीस गाड्या एकदम सुटतात आणि दाराला दार लागतं. पहिल्या दोन गोष्टींना घरची गाडी चालते. तिसरीला रोल केज (गाडीच्या आतला लोखंडी पिंजरा), फायर सूट, मान जपणारं हान्स नावाचं उपकरण, लायसन्स आणि वेगळी गाडी लागते. ऑफिसला नेता ती गाडी रेससाठी कापायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

आता क्लब. एससीसीए म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ सालचा, ना-नफा तत्त्वावर चालणारा, हेड ऑफिस कॅन्ससमधल्या टोपेकाला. देशभर त्यांचे शंभरच्या वर रिजन आहेत आणि प्रत्येक रिजनचा कारभार तिथले सभासदच बघतात, त्यामुळे एका रिजनचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. कुणी डॅलसचा मित्र सांगेल भारी आहे, कुणी ओहायोचा सांगेल कंटाळवाणं आहे, दोघंही खरं बोलत असतील पण तुमच्या रिजनबद्दल त्यातून काहीच कळत नाही. ऑटोक्रॉस करायचं असेल तर मात्र फार विचार करू नका, बहुतेक शहरांच्या आसपास एससीसीएचा सोलो, म्हणजे त्यांचं ऑटोक्रॉस, असतोच आणि वीकेंड मेंबरशिप घेऊन एकदा जाऊन बघता येतं. त्यांचाच २०१५ पासून सुरू झालेला ट्रॅक नाइट इन अमेरिका नावाचा प्रकार आहे, तो आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारनंतर असतो, नोव्हिस, इंटरमीजिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन ग्रुप, वीस-वीस मिनिटांची सेशन्स, टायमिंग नाही. आयटीत असलेल्या माणसाला हे सोयीचं, अर्धी सुट्टी टाकायची, जाऊन यायचं, वीकेंड घरच्यांना. आणि ओपन व्हील, म्हणजे फॉर्म्युला गाड्या चालवायचं डोक्यात असेल तर एससीसीएच. फोक्सवॅगन बीटलचे पार्ट वापरून बनणारी फॉर्म्युला व्ही तिथं १९६० च्या दशकापासून पळतेय. स्वस्तात रेस करायची तर बी-स्पेक नावाचा क्लासही बघून ठेवा, त्यात होंडा फिट पळते, म्हणजे आपल्याकडची जॅझ.

नासा म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन (नुसतं नासा टाकून शोधाल तर रॉकेटच दिसतील, पुढं एचपीडीई लिहा, म्हणजे हाय परफॉर्मन्स ड्रायव्हिंग इव्हेंट, शिकवणीचा ट्रॅक डे). १९९१ सालची खासगी संस्था आहे, आणि तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे शिडी सरळ दिसते. एचपीडीई वनला शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो, मग टू, मग थ्रीला एकटे, फोरला ओव्हरटेकिंग बरंच मोकळं, तिथून टाइम ट्रायल (ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध) किंवा कॉम्पिटिशन स्कूल आणि मग रेस लायसन्स. ज्या माणसाला आपण कुठं आहोत आणि पुढची पायरी कुठली हे समोर लिहिलेलं लागतं त्याला नासा पटकन जमतं. दुसरं म्हणजे ज्यांनी आधीच गाडीत बरंच काम करून ठेवलंय, टर्बो बदललाय, ट्यून केलंय, त्यांना नासाचे सुपर टुरिंग क्लास बरे पडतात, कारण तिथं गाडीचं वजन आणि डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनवर, आलेली पॉवर यांचा रेशो काढून क्लास ठरतो, अमुक पार्ट लावला म्हणून बाद असं कमी होतं. बीएमडब्ल्यू ई३० वाल्यांसाठी तिथं स्पेक ई३० आहे, स्पेक म्हणजे सगळ्यांच्या गाड्या जवळजवळ सारख्याच. आणि माझदा मियाटाची स्पेक मियाटा दोन्ही क्लबात आहे, पण टायरसकट बारीक नियम दोन्हीकडं सारखेच असतील असं धरून चालू नका. एससीसीएचं जीसीआर आणि नासाचं सीसीआर ही दोन्ही नियमपुस्तकं फुकट डाउनलोड होतात, निदान तुमच्या क्लासची पानं तरी वाचा.

आता मुख्य काम, गाड्या मोजायचं. मोटरस्पोर्टरेज (MotorsportReg) नावाच्या साइटवर बहुतेक क्लबांचं रजिस्ट्रेशन चालतं, तिथं बऱ्याच इव्हेंटची एंट्री लिस्ट उघडी असते, आणि झालेल्या रेसचे निकाल रिजनच्या साइटवर नाहीतर टायमिंगच्या साइटवर मिळतात. मागच्या पूर्ण सीझनचे निकाल काढा, फक्त एका वीकेंडचे नको, कारण सीझनच्या शेवटच्या रेसला गर्दी वेगळीच असते. आणि मग पहिला कोण आला ते बघूच नका, मधल्या आणि शेवटच्या गाड्या बघा, कारण तुम्ही पहिली दोन वर्षं तिथंच असणार आहात. समजा एका क्लबात तुमच्या क्लासच्या वीस गाड्या आहेत आणि बाराव्यापासून सतराव्यापर्यंत सगळे एकमेकांच्या सेकंद-दोन सेकंदात फिनिश होतायत, तर तिथं तुम्हाला प्रत्येक रेसमध्ये कुणीतरी भिडणारा मिळणार. दुसऱ्या क्लबात तीनच गाड्या आहेत आणि मधे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचं अंतर, तिथं ट्रॉफी मिळेल पण ती महागडी ट्रॅक डे झाली, एकटेच फिरत बसाल. शिवाय गर्दीच्या क्लासमध्ये पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या लावून काम करतात त्या जागी, सुटे पार्ट मिळतात, सेटअप सांगणारे मिळतात, शनिवारी संध्याकाळी अ‍ॅक्सल तुटला तरी रविवारी रेस होते, ही गोष्ट कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेली नसते.

ट्रॅकचं कॅलेंडरही याच वेळी बघा. आपल्या बाजूला मिलव्हिलचा न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे, तिथं थंडरबोल्ट आणि लाइटनिंग असे दोन ट्रॅक, वर न्यूयॉर्कात वॉटकिन्स ग्लेन, कनेटिकटात लाइम रॉक, खाली वेस्ट व्हर्जिनियात समिट पॉइंट. लाइम रॉकला रविवारी रेस होत नाहीत, गावकऱ्यांनी कोर्टात जाऊन १९५९ साली तसा आदेश मिळवलाय, म्हणजे तिथला वीकेंड बऱ्याचदा शुक्रवार-शनिवार पडतो आणि तुमची एक सुट्टी जाते. वर्षाला आठ इव्हेंट दाखवणारा क्लब आणि त्यातले पाच इव्हेंट सहा तासांवर, असं असेल तर कागदावर मोठा दिसणारा क्लब तुमच्यासाठी छोटाच.

निकाल बघून दोन नावं उरली की पैसे भरायच्या आधी दोन्हीकडं एकेक दिवस व्हॉलंटिअर म्हणून जा. कॉर्नर मार्शलसाठी, म्हणजे वळणावर झेंडे दाखवायला, क्लब नेहमी माणसं शोधतच असतात, नवख्यालाही घेतात, जेवण देतात, पांढरे कपडे घालून यायला सांगतात कारण लाल-पिवळा-हिरवा शर्ट लांबून ड्रायव्हरला झेंडा वाटू शकतो. वळणावरच्या चौकीत दोघं उभे असतात, एक येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून, मागून वेगवान गाडी येतेय हे सांगणारा निळा झेंडा घेऊन, दुसरा उलटीकडं, पुढं काय होतंय ते बघत पिवळा झेंडा हातात धरून, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या पाठीमागचं बघायचं. गाडी घसरली की पिवळा झेंडा वर जायला किती वेळ लागतो, रेडिओवर मार्शल शांतपणे बोलतो का गोंधळतो, पिवळ्या झेंड्याखाली ड्रायव्हर खरंच हळू होतात का तसेच दामटतात, हे तिथून उघड्या डोळ्यांनी दिसतं. आणि दोन गाड्या घासल्या तर रेस संपल्यावर इम्पाउंडच्या, म्हणजे गाड्या तपासायला थांबवतात त्या जागेच्या, जवळपास राहा. व्हिडिओ मागवला जातो का, दोघांचं ऐकून घेतलं जातं का, निकाल त्याच दिवशी लागतो का, का जुना मेंबर म्हणून खांद्यावर हात टाकून सोडून दिलं जातं, क्लबची खरी पारख इथं होते. माझ्या मते हे गाड्यांच्या संख्येच्या खालोखाल महत्त्वाचं आहे, कारण शेवटी तुमचा जीव त्या बाकीच्या ड्रायव्हरांच्या हातात असतो.

पोर्शे किंवा बीएमडब्ल्यू असेल तर पोर्शे क्लब ऑफ अमेरिका आणि बीएमडब्ल्यू सीसीए (कार क्लब ऑफ अमेरिका) यांच्याकडं आधी बघा. इन्स्ट्रक्टर चांगले असतात, वातावरण जरा वयस्कर आणि सांभाळून वागणारं. त्यांच्या क्लब रेसिंगमध्ये तेरा-तेराचा नियम आहे, म्हणजे धडक तुमच्या चुकीनं झाली तर तेरा महिने प्रोबेशन, त्या काळात परत झाली तर तेरा महिने बाहेर. ज्याला गाडी जपायचीय त्याच्यासाठी हे फार मोलाचं. बीएमडब्ल्यूचे बरेच चॅप्टर ट्रॅक डेला दुसऱ्या कंपनीच्या गाड्याही घेतात. आणि घरात नुकतंच लायसन्स मिळालेलं पोरगं-पोरगी असेल तर बीएमडब्ल्यू सीसीए फाउंडेशनचं टायर रॅक स्ट्रीट सर्व्हायव्हल नावाचं एका दिवसाचं शिबिर असतं, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक कसा मारायचा वगैरे शिकवतात. तुमचं रेसिंग बाजूला ठेवा, हे आधी करा.

लेमन्स आणि चॅम्पकार हा वेगळा मामला आहे, टीम काढून तासन्‌तास आळीपाळीनं गाडी चालवायची. लेमन्स २००६ ला सुरू झालं, गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आत हवी हा त्याचा मूळ नियम, पण सेफ्टीचं सामान त्यात धरत नाहीत, आणि खरा खर्च तिथंच असतो, केज, सीट, बेल्ट, फायर सूट. आधीचं रेस लायसन्स लागत नाही, आणि नेमकं म्हणूनच मी सांगतो की कधीच ट्रॅकवर न गेलेल्या माणसानं थेट तिथं उतरू नये, निदान दोन-तीन ट्रॅक डे करून जा, कारण पहिल्याच दिवशी तुमच्या आजूबाजूला शंभर गाड्या असू शकतात. पण मित्रांबरोबर खर्च वाटून ट्रॅकवर भरपूर वेळ हवा असेल तर एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही. एक अट, गाडी कुणाच्या नावावर, इंजिन उडालं तर कोण किती देणार, ठोकली तर काय, हे पहिल्या दिवशी लिहून काढा. मैत्री आहे म्हणून लिहायचं टाळू नका, मैत्री आहे म्हणूनच लिहा.

पैशाचं म्हणाल तर ऑटोक्रॉस शंभर डॉलरच्या आत होतं, ट्रॅक डेचा वीकेंड काही शे डॉलर, आणि रेसमध्ये एंट्री फी हा सगळ्यात लहान आकडा, टायर, ब्रेक पॅड, टोइंग, हॉटेल हेच खरं खातात. पहिली रेस गाडी भाड्यानं घ्या, स्पेक मियाटा अराइव्ह अँड ड्राइव्हवर, म्हणजे तयार गाडी ट्रॅकवरच हातात, अशी मिळते, आणि नंतर घ्यायची तर तयार घ्या, बनवू नका, बनवलेली नेहमी महाग पडते. नेहमीच्या कार इन्शुरन्समध्ये ट्रॅकवरचं नुकसान सहसा वगळलेलं असतं, ट्रॅक डेसाठी एका इव्हेंटची वेगळी पॉलिसी मिळते पण ती साधारणपणे रेसला चालत नाही. टर्म इन्शुरन्सची कलमंही बघा, रेसिंग कुठं लिहिलंय का. गाडी लीजवर असेल तर नेऊच नका.

हेल्मेट घेताना आतली पॅडिंग उचलून स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं स्टिकर बघा, एसए लिहिलेलं हवं. एम म्हणजे मोटरसायकलचं, त्याची आगीची टेस्ट झालेली नसते, ऑटोक्रॉसला चालतं पण ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. आज नवीन घेत असाल तर एसए २०२० च्या खालचं घेऊ नका. टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीला, माणूस चाक वर-खाली धरून हलवतो, बेअरिंग ढिलं आहे का बघतो, बॅटरी हलते का, मॅट काढलेत का, ब्रेकचा दिवा लागतो का, हे सगळं आदल्या आठवड्यात घरीच करा आणि ब्रेक फ्लुइड नवीन घाला, जुन्यात पाणी मुरलेलं असतं आणि तापलं की पेडल सरळ खाली जातं. डबा आणि भरपूर पाणी न्या, ट्रॅकवर बर्गर-फ्राइजच्या पलीकडं फारसं काही मिळत नाही.

आणि हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीतच करा, कारण कॅलेंडर तेव्हाच लागतं, आणि नोव्हिस ग्रुपच्या जागा इन्स्ट्रक्टर किती आहेत त्यावर ठरत असल्यामुळं सगळ्यात आधी तोच ग्रुप भरतो.